हापूसच्या हंगामात माणसे का मिळत नाहीत?

प्रश्न (देवगड): आमच्या बागेत राखणीला आणि काढणीला दर वर्षी नेपाळी कामगार येत असत, यंदा मजुरी वाढवूनही पुरेशी माणसे मिळाली नाहीत. गावात तरुण रिकामे दिसत असताना असे का व्हावे?

उत्तर (रत्नागिरी): रिकामा दिसणारा प्रत्येक जण या कामाला येईलच असे नाही. दोन-अडीच महिन्यांच्या मजुरीपेक्षा त्याला मुंबईची बारमाही नोकरी बरी वाटते. शिवाय झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) फळ देठासह उतरवणे सवयीचे काम आहे; देठ तुटला की चीक सालीवर ओघळून डाग पडतो आणि भाव उतरतो. ऐन हंगामात नवख्याला शिकवायला सवड नसते, म्हणून सारे बागायतदार त्याच मोजक्या अनुभवी हातांमागे धावतात.

उत्तर (हर्णै): आमच्या मासेमारी बंदरातही तीच अडचण: जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गावी गेलेले खलाशीही उचल (आगाऊ पैसे) घेऊन सगळे परततातच असे नाही. गळक्या खोलीत माणसे कोंबायची आणि वर ती टिकत नाहीत म्हणायचे (हे आमच्याकडे सर्रास चालते), हे मला पटत नाही.

प्रश्नकर्ता: वर्षभराचा करार परवडेल का?

उत्तर (रत्नागिरी): एकट्याला नाही, शेजारच्या दोन-तीन बागांनी खत, छाटणी आणि काजूची कामे मिळून वाटून घेतली, तर जमेल.