रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट किती, हे नेमकं कसं काढायचं?

काळबादेवीकर_एमएस्सी
नमस्कार मंडळी. एमएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, डिझर्टेशनसाठी काळबादेवी ते नेवरे हा किनारा घेतलाय. पावसाळ्यानंतर इथे वाळूवर काळे पट्टे उठून दिसतात आणि गावात कोणीही सांगतं की इथे लाखो टन टायटॅनियम आहे, म्हणजे इल्मेनाइट, टायटॅनियम असलेलं काळं खनिज. मला आकडा काढायचाच झाला तर योग्य पद्धतीने काढायचाय. हाताने फिरवून भोक पाडायचं हँड ऑगर आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये ब्रोमोफॉर्म आहे (जड द्रव, त्यात वाळू टाकली की हलकी तरंगते आणि जड खनिजं बुडतात), पैसे मात्र बेताचेच. भोकं कुठे, किती अंतरावर, किती खोल घ्यायची आणि जड खनिजांच्या टक्क्यावरून टनांपर्यंत कसं जायचं? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

वाळू_आणि_ड्रिल
विषय छान निवडलाय, आपल्या किनाऱ्यावर काम करणारी पोरं कमीच. पहिली गोष्ट, त्या काळ्या पट्ट्यावरून काहीही ठरवू नकोस. पावसाळ्यात लाटा हलकी वाळू ओढून नेतात, जड कण मागे राहतात, म्हणून वर काळं दिसतं. तो थर बऱ्याचदा चार बोटं जाड असतो आणि खाली साधी वाळू, आणि उन्हाळ्यापर्यंत त्याच्यावर पुन्हा वाळू चढते. त्यामुळे पृष्ठभागाचे नमुने घेऊन टक्केवारी काढली आणि ती तीन मीटर खोलीला लावली की आकडा भलताच फुगतो, गावातले लाखो टन असेच तयार होतात.

ग्रिड चौकोनी नको. साठा किनाऱ्याला समांतर पसरलेला असतो, त्या दिशेला सावकाश बदलतो, समुद्राकडून जमिनीकडे जाताना मात्र झपाट्याने. म्हणून लाइनी किनाऱ्याला काटकोनात टाक, दोन लाइनींत २०० मीटर चालेल पण एका लाइनीवर भोकं २०-२५ मीटरवर हवीत. ओहोटीच्या रेषेपासून सुरू करून सुरूच्या बनापर्यंत आणि जमलं तर त्याच्या मागच्या जुन्या वाळूच्या उंचवट्यापर्यंत जा, तिथे साठा निदान दर पावसाळ्यात हलत नाही. बन वनखात्याचं असेल तर आधी पत्र घे, ग्रामपंचायतीलाही सांगून ठेव.

नमुना दर मीटरला वेगळा. आणि पाणी लागलं की साध्या ऑगरचं काम संपलं असं समज. भोक ढासळतं, वरची काळी वाळू आत पडते आणि खालचा नमुना खोटाच श्रीमंत दिसतो. मोठ्या कामात केसिंग (भोक ढासळू नये म्हणून आत घातलेला पाइप) घालून कॉनरॅड बंका ड्रिल किंवा सॉनिक ड्रिल वापरतात ते याचसाठी. तुझ्याकडे केसिंग नसेल तर पाण्याच्या पातळीपर्यंतचाच साठा मांड आणि तसं स्पष्ट लिही.

लॅबवाली_मृणाल
वरच्या दादांनी फील्डचं सांगितलं, मी लॅबचं सांगते कारण आकडा जास्त करून इथेच बिघडतो. कोरड्या वाळूची पिशवी गाडीत हादरली की जड कण तळाशी जातात, मग वरून चमच्याने घेतलेला नमुना कमीच दाखवणार. पूर्ण पिशवी ओतून रिफल स्प्लिटरने अर्धी-अर्धी कर, स्प्लिटर नसेल तर ढीग करून चार भाग पाड आणि समोरासमोरचे दोन घे. मग चिखल धुऊन काढ, १ मिलिमीटरच्या वरचं चाळून काढ, पण दोन्हींचं वजन लिहून ठेव कारण टक्का मूळ नमुन्यावर काढायचाय, धुतलेल्या वाळूवर नाही.

कोकणात शिंपल्यांचा चुरा भरपूर. त्यातल्या अ‍ॅरागोनाइटची घनता २.९३ च्या आसपास आणि ब्रोमोफॉर्म २.८९, म्हणजे शिंपला जड खनिजांबरोबर खाली बसतो! आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवून घे. ब्रोमोफॉर्म फ्यूम हूडमध्येच हाताळायचा, वाफ अंगाला चांगली नाही. त्याऐवजी सोडियम पॉलिटंगस्टेटचं जड द्रावण मिळालं तर तेच बरं, पाण्याने धुता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाली बसलं ते सगळं इल्मेनाइट नाही. आपली वाळू बेसॉल्ट आणि जांभ्यातून आलेली, त्यात मॅग्नेटाइट (लोहाचं चुंबकीय खनिज) असतं आणि बेसॉल्टमधलं ऑजाइटही, ऑजाइटची घनता ३.३ च्या पुढे, तेही बुडतं. साध्या लोहचुंबकाने मॅग्नेटाइट वेगळं कर, उरलेल्यातून तीव्र चुंबकाने इल्मेनाइट ओढलं जातं पण त्याच्याबरोबर थोडं ऑजाइटही येतं, म्हणून मायक्रोस्कोपखाली कण मोजल्याशिवाय टक्का लिहू नकोस.

काळबादेवीकर_एमएस्सी
मृणालताई, शिंपल्याचं कुणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. किरणोत्सर्ग मोजून साठा शोधतात असं वाचलंय, ते इथे चालेल का?

पर्थहून_निशिकांत
केरळात चालतं कारण तिथली वाळू चार्नोकाइट-खोंडालाइटसारख्या खडकांतून येते, तिच्यात मोनाझाइट हे खनिज असतं आणि त्यात किरणोत्सर्गी थोरियम. केरळातल्या चवऱ्याचं इल्मेनाइटही वेगळं, त्यात टायटॅनियम डायऑक्साइड ६० टक्क्यांच्या आसपास. कोकणात मूळ खडक बेसॉल्ट, त्यामुळे गॅमा किरण मोजण्यावर वेळ घालवू नकोस, मॅग्नेटाइट आहे तर मॅग्नेटोमीटर मागून बघ.

टनांचं गणित साधं आहे. समज एका भोकाच्या वाट्याला किनाऱ्याने १०० मीटर, आडवे ४० मीटर आणि ३ मीटर जाडी आली, म्हणजे १२,००० घनमीटर. घनता १.७ धरली तर २०,४०० टन वाळू, जड खनिजं ८ टक्के तर १,६३२ टन, त्यातलं ६० टक्के इल्मेनाइट तर साधारण ९८० टन. पण ही १.७ माझ्याकडून घेऊ नकोस, किनाऱ्यावर ठरावीक मापाचं नळकांडं ठोकून वाळू वाळव आणि वजन कर. घनतेत दहा टक्के चूक म्हणजे साठ्यात सरळ दहा टक्के चूक. आणि सगळ्या भोकांची सरळ सरासरी नको, प्रत्येक मीटरचा टक्का जाडीने गुणून वजनी सरासरी घे.

तुझी भोकं विरळ आहेत, त्यामुळे इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या, जॉर्क कोडच्या (खनिज साठे जाहीर करायची नियमावली) भाषेत तो फार तर इन्फर्ड, म्हणजे कमी खात्रीचा अंदाजित साठा. भारतात यूएनएफसी ही संयुक्त राष्ट्रांची वर्गीकरण पद्धत वापरतात, प्रबंधात तीच लाव.

वाळू_आणि_ड्रिल
निशिकांतशी सहमत. एक भर, प्रत्येक लाइनीवर एक भोक पावसाळ्याआधी आणि नंतर असं दोनदा घे. बीचवरचा आकडा किती हलतो ते त्यातून दिसेल आणि बनामागचा किती स्थिर आहे तेही, माझ्या मते प्रबंधातला सगळ्यात कामाचा भाग तोच ठरेल.