आव म्हणजे अमीबाच असं नाही

आव पडली की अमीबाच, आणि जुलाब थांबवायची गोळी घेतली की झालं, असं काही जण म्हणतात. गोळीबद्दल साफ असहमत. शौचात रक्त असेल तर ‘शिगेला’ या जिवाणूची शक्यता असते. गोळीने आतडी मंदावतात आणि जंतूंना मुक्काम ठोकायला आयता वेळ मिळतो.

या जंतूला पोहायला शेपटी नसते. पण आतड्याच्या पेशीत शिरला की तिचंच अ‍ॅक्टिन हे प्रथिन मागे जुळवत धूमकेतूसारखा सरकतो आणि भिंत ढकलून थेट शेजारच्या पेशीत! बाहेर यायची गरजच नाही. जठरातल्या आम्लालाही तो दाद देत नाही, त्यामुळे १० ते १०० जंतूसुद्धा पुरतात. घरात एकाला हा संसर्ग झाला की नळाची तोटीही संशयित धरा.