मनगटाचा आजार कोणत्या यादीत शोधायचा?

प्रश्न
मी इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांमध्ये काम करतो. कांड्या (मागावरच्या आडव्या धाग्याच्या नळ्या) भरणाऱ्या एका ताईंच्या उजव्या अंगठ्याला व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, रात्री कळ उठून झोप मोडते, आणि अलीकडे गाठ मारताना हातातला धागाच निसटतो. डॉक्टरांनी ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ (मनगटात मज्जातंतू दाबला जाण्याचा आजार) असे निदान लिहून दिले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या सुधारित यादीत हा आजार नावानिशी आहे. मग आपल्या कायद्याच्या यादीत तो का सापडत नाही, आणि त्या यादीच्या आधारे भरपाई मागता येईल का?

उत्तर १ (कामगार न्यायालयातील वकील)
थेट मागता येणार नाही. ती यादी २००२ च्या शिफारस क्रमांक १९४ ला जोडलेली आहे, आणि शिफारस ही करारासारखी बंधनकारक नसते. भारताने १९६४ साली मान्य केलेला याच संघटनेचा, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या भरपाईविषयीचा करार क्रमांक ४२ मुळात १९३४ चा असून त्याच्या तक्त्यात शिशाची विषबाधा, पाऱ्याची विषबाधा, सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) असे दहाच आजार आहेत. पुढे आपली यादी वाढली, पण मुख्यतः धूळ, धातू आणि रसायने यांच्या अंगाने. बर्फाळ प्रदेशातील हिमांधत्व तिच्यात आहे, मनगट नाही!

यादीत नाव असण्याचा खरा फायदा पुराव्याच्या ओझ्यात आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमात यादीतला आजार त्या-त्या कामात ठरलेल्या अटींनुसार जडला, की तो कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते. यादीबाहेरचा असेल तर कामावर घडलेल्या एखाद्या विशिष्ट अपघाती इजेशी त्याचा थेट संबंध सिद्ध करावा लागतो. वर्षानुवर्षे तेच ते काम करून झिजलेल्या मनगटाला अपघाताची तारीख कुठून आणायची? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच रचना पुढे नेली आहे. म्हणून मला नवीन नावांपेक्षा त्या आंतरराष्ट्रीय यादीतले खुले कलम महत्त्वाचे वाटते: नाव नसलेल्या आजाराचाही कामाशी थेट संबंध शास्त्रीयदृष्ट्या प्रस्थापित झाला, तर तो मान्य करण्याची वाट तिथे ठेवलेली आहे.

उत्तर २ (व्यावसायिक आरोग्याचे डॉक्टर)
वकीलसाहेबांचे म्हणणे कायद्यापुरते बरोबर आहे, तरी मी पूर्ण सहमत नाही. बिसिनोसिसचे (कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे) नाव आपल्या यादीत कधीचे आहे, पण सूतगिरणीतल्या कामगाराची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला आवळते हे बाह्यरुग्ण विभागात कोणी विचारत नाही; ‘दमा’ लिहून पंप दिला जातो. अधिसूचित आजार आढळल्यास कळवण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे, आणि ते बहुतेकांच्या गावीही नसते. त्यात व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती या दुसऱ्या नव्या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा १० वरून २० वर नेली, त्यामुळे लहान माग-शेड कारखान्याच्या व्याख्येबाहेर राहतात.

ताईंच्या केसपेपरवर केवळ ‘मनगटदुखी’ नको. मज्जातंतू-वहन चाचणीचा अहवाल, मिनिटाला किती वेळा मनगट वळते, पाळी किती तासांची आणि हे काम किती वर्षांचे, हे सारे आजच नोंदवून घ्या. मधुमेह आणि थायरॉइडही तपासा, कारण समोरची बाजू पहिला आक्षेप तोच घेईल.

प्रश्नकर्ता
मधुमेह नाही, थायरॉइडची तपासणी राहिली आहे. हजेरीपत्रक मिळणार नाही, कारण मजुरी कांडीच्या वजनावर मिळते. दिवाणजींची वही मात्र सात वर्षांची आहे. तिच्या नकला मागतो.