डोक्याला मार लागल्यावर सीटीऐवजी रक्ततपासणी चालते का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमचे अण्णा, वय ७१. शेतातून स्कुटीवर येताना कालव्याच्या वळणावर कुत्रं आडवं आलं आणि पडले. हेल्मेट नव्हतं. शुद्ध गेली नाही, एक उलटी झाली, कपाळाला टाके पडले. तालुक्याला सीटी केला, नॉर्मल आला, घरी सोडलं. याला आता तीन आठवडे होत आले.

गेल्या काही दिवसांपासून डोकं दुखतंय म्हणतात, सकाळी जास्त. दुपारी नको तितके झोपतात. पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा माणूस, आता त्याची घडीसुद्धा मोडत नाही. चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते आणि त्यांच्या लक्षातही येत नाही. मागे अँजिओप्लास्टी झाली आहे, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत.

धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे मेंदूला इजा झाली आहे का हे रक्तातून पंधरा मिनिटांत कळतं. अण्णा पुन्हा सीटीला तयार नाहीत. "एकदा झालाय ना, सारखी किरणं कशाला?" म्हणतात. रक्त द्यायला मात्र तयार आहेत. ही तपासणी कोल्हापूर-पुण्यात कुठे होते का?

रात्रपाळी

कृष्णाकाठ, रक्ताचं नंतर बोलू. अण्णांना आज सीटीला न्या. उद्यावर टाकू नका.

मी कॅज्युअल्टीत काम करतो. तुम्ही जे लिहिलंय (वय, पातळ रक्त, तीन आठवड्यांपूर्वीचा मार, वाढती झोप, एकाच बाजूची चप्पल निसटणं) ते सगळं एकत्र वाचलं की पहिला संशय मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू साठलेल्या रक्ताचा येतो. वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो, कवटीच्या आत मोकळी जागा होते आणि ती जागा ओलांडून जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. धक्क्याने एखादी शीर फाटली तर रक्त थेंबथेंब झिरपतं. दाब जाणवायला दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिला सीटी चुकला असं नव्हे. तो त्या दिवसापुरता खरा होता.

अण्णांना एवढंच सांगा की तेव्हाचा फोटो तेव्हाचा, आजचा आज. एका सीटीच्या किरणांची काळजी या वयात आणि या लक्षणांत करू नये. जागे करूनही नीट जागे होत नसतील, बोलणं अडखळत असेल किंवा फिट आली, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. जिथे न्यूरोसर्जन आहे तिथेच न्या. रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, नावं पाठ आहेत म्हणून घरी ठेवू नका. स्टेंट आहे, तेव्हा गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका.

ओहायोकर

रात्रपाळी यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी इथे इमर्जन्सीत नर्स आहे. कृष्णाकाठ यांचे भाऊ ज्या तपासणीबद्दल बोलत आहेत ती बहुधा अ‍ॅबटच्या हातात मावणाऱ्या आय-स्टॅट यंत्रावरची. २०२१ मध्ये तिला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेची) परवानगी मिळाली तेव्हा आधी रक्तातला प्लाझ्मा वेगळा काढावा लागायचा. २०२४ मध्ये शिरेतून काढलेलं रक्त थेट वापरायची परवानगी आली. पण अटी वाचा: वय १८ च्या पुढे, माणूस जवळपास शुद्धीवर आणि मार लागून २४ तासांच्या आत. तीन आठवड्यांनी केलेल्या तपासणीतून अण्णांबद्दल काहीच ठरवता येणार नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून घरी बसून राहिलात तर त्यातच धोका.

प्लाझ्मा

लॅबच्या बाजूने थोडं. आपल्याकडे डोक्याच्या माराबाबत विचारलं की काही जण एस-१००-बी या प्रथिनाची रक्ततपासणी सुचवतात. स्कँडिनेव्हियाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ती आहे, पण किरकोळ मार, कमी धोक्याचा पेशंट आणि पहिल्या ६ तासांतलं रक्त, एवढ्यापुरतीच. हे प्रथिन चरबीत आणि त्वचेच्या रंगपेशींतही असतं, म्हणून मेलानोमा या कॅन्सरमध्येही तेच मोजतात. पाय मोडलेल्या माणसात डोक्याला काही नसतानाही वाढलेलं दिसू शकतं. बाहेरगावी नमुना पाठवून दोन दिवसांनी रिपोर्ट येणार असेल तर कॅज्युअल्टीच्या डॉक्टरला त्याचा काय उपयोग? सीटी तासाभरात होतो. कृपया यावर पैसे घालवू नका.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी अण्णांना नेलं. सीटीत उजव्या बाजूला रक्त साठलेलं दिसलं, मेंदू थोडा दुसऱ्या बाजूला सरकला होता. रात्रीच कवटीला छिद्र पाडून रक्त काढलं. आज सकाळी त्यांनी चहा मागितला आणि नातवाचं नाव घेऊन हाक मारली. तिथल्या आरोग्यमित्रांनी महात्मा फुले योजनेचे कागद करून दिले.

आता दोन प्रश्न. पडले त्याच दिवशी ती रक्ततपासणी मिळाली असती तर हे आधी कळलं असतं का? आणि भावाचं म्हणणं, आता तरी ती करून त्यानुसार औषध ठरवावं. तसं होतं का?

रात्रपाळी

अण्णांनी चहा मागितला हे वाचून फार बरं वाटलं.

पहिला प्रश्न आधी. त्या तपासणीत दोन प्रथिनं मोजतात. जीएफएपी हे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींचं, यूसीएच-एल१ हे चेतापेशींचं. पेशी फुटल्या की ती रक्तात उतरतात. यूसीएच-एल१ लवकर वर जातं आणि साधारण ८ तासांत शिखर गाठतं, जीएफएपी सावकाश चढतं, २० तासांच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि पुढेही काही दिवस सापडतं. म्हणूनच मार कधी लागला हे माहीत नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही.

२०१८ मध्ये एफडीएने या जोडीला पहिल्यांदा परवानगी दिली ती १९५९ पेशंटच्या अभ्यासावरून. त्यातल्या १२५ जणांच्या सीटीत इजा होती. रक्ततपासणी ६७१ जणांची निगेटिव्ह आली आणि त्यांच्यातले फक्त ३ निसटले. निगेटिव्ह आली तर सीटी टाळता येतो, हा तिचा खरा उपयोग, आणि तो मोठा आहे. पण उलट बाजू बघा: पॉझिटिव्ह आले १२८८, त्यांतल्या ११६६ जणांच्या सीटीत काहीच नव्हतं. म्हणजे पॉझिटिव्ह आल्यावर शेवटी सीटीच. शिवाय वय वाढलं की जीएफएपी मुळातच जास्त असतं, त्यामुळे ७१ व्या वर्षी निगेटिव्ह यायची शक्यता आणखी कमी. अण्णांना त्या दिवशी सीटी लागलाच असता. कुणाचा सीटी करायचा हे ठरवणाऱ्या कॅनडाच्या नियमात पासष्ट आणि त्यापुढचं वय मोठ्या धोक्याचं धरतात, आणि रक्त पातळ असेल तर कुणीही थांबू नये. पुढे तीन आठवड्यांत काय झिरपणार आहे हे पहिल्या दिवसाच्या रक्तात दिसत नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला हवा होता तो एक कागद: अमुक लक्षण दिसलं तर परत या, महिनाभर लक्ष ठेवा. हा कागद घरच्यांना समजेल अशा मराठीत प्रत्येक पेशंटच्या हातात द्यायलाच हवा, आणि यावर मी आमच्याकडे रोज भांडतो.

औषधाचं म्हणाल तर, आज तरी या प्रथिनांचा आकडा बघून देता येईल असं मेंदूच्या इजेवरचं कुठलंही औषध नाही. सूज कमी होईल या समजुतीने डोक्याच्या माराला वर्षानुवर्षं स्टिरॉइड दिलं जायचं. २००४ मध्ये दहा हजारांवर पेशंटचा क्रॅश नावाचा अभ्यास आला आणि दिसलं की दोन आठवड्यांत स्टिरॉइड घेतलेल्यांतले २१ टक्के दगावले, न घेतलेल्यांतले १८ टक्के. २०१४ मध्ये प्रोजेस्टेरॉनचे दोन मोठे अभ्यास असेच फसले. मला यामागचं एक कारण फार पटतं: आपण सगळ्यांना एकाच नावाखाली कोंबतो. शुद्ध किती आहे हे मोजणाऱ्या १९७४ च्या ग्लासगो कोमा स्केलवर १३ ते १५ गुण म्हणजे "किरकोळ", बस्स. त्या किरकोळमध्ये एकाच्या मेंदूत काहीच नसतं, दुसऱ्याचे तंतू ताणले गेलेले असतात, तिसऱ्याला अण्णांसारखं होतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात सीटी साफ असलेल्या ४५० जणांचा एमआरआय केला, तर २७ टक्क्यांच्या मेंदूत इजा सापडली, आणि त्यांचं जीएफएपी वाढलेलं होतं. असे लोक घरी जातात, महिनोन्‌महिने डोकं दुखतं, कामात लक्ष लागत नाही, आणि घरचे म्हणतात रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग नाटकं कशाला. त्यांच्यासाठी ही तपासणी मला मनापासून हवी आहे. २०२५ मध्ये मांडलेल्या नव्या वर्गीकरणात लक्षणं, रक्तातली प्रथिनं, स्कॅन आणि पेशंटचं वय-आजार-परिस्थिती हे चारही एकत्र धरायचं ठरलं आहे. उद्या एखादं औषध योग्य पेशंटवर तपासून बघायचं असेल तर तो पेशंट निवडायला हे उपयोगी पडेल.

ओहायोकर

रात्रपाळी, ते "रिपोर्ट नॉर्मल, मग नाटकं" इथेही रोज ऐकते, विशेषतः शाळेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या बाबतीत. आणि मुलांसाठी तर ही तपासणी अजून नाहीच.

कृष्णाकाठ

समजलं. भावाला हा धागाच पाठवतो. शेवटचं एक: हृदयाच्या गोळ्या सध्या बंद ठेवल्या आहेत. परत कधी सुरू करायच्या?

रात्रपाळी

ते इथे कुणी सांगू नये, मीही नाही. रक्त पुन्हा साठायचा धोका एका बाजूला, स्टेंट बंद पडायचा दुसऱ्या. तुमचे न्यूरोसर्जन आणि हृदयाचे डॉक्टर यांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, स्टेंट कोणत्या महिन्यात टाकला ते सांगा, आणि कोणती गोळी कोणत्या तारखेपासून हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय निघू नका. पुढच्या सीटीची तारीखही त्याच कागदावर घ्या.