आर्टेमिया फुटतच नाहीये

बेट्टा माशाची पिल्लं परवा पोहायला लागली. दोन लिटरच्या बाटलीत चमचाभर मीठ घालून त्यांच्या खाण्यासाठी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) अंडी लावली, एअर पंप चालू. 36 तास झाले, नुसतं तपकिरी पाणी. पुण्यातली थंडी भोवतेय का?

— थंडी आहेच, पण चमचाभर मीठ म्हणजे वरणाला झालं! लिटरला 25-30 ग्रॅम, वजन करून. पाणी 26-28 अंश. मी बाटली हीटरवाल्या टाकीतच उभी करतो. दिवाही लावून ठेवा.

— काढताना पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, न फुटलेली अंडी तळाशी. खाली टॉर्च धरली की आर्टेमियाची जिवंत पिल्लं उजेडाकडे जमतात. नळीने ओढा, सुती रुमालातून गाळा, साध्या पाण्याने धुवा.

— काट्यावर 56 ग्रॅम मोजून पुन्हा लावलं. आज सकाळी नारिंगी ढग! ते खाऊन बेट्टाच्या पिल्लांची पोटंही केशरी. रुमाल मात्र बाबांचा निघाला.