मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला जागा मिळाली आहे, पहिल्या महिन्यात नक्की काय काय उरकायचं?

पैनगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मुलीला कॅप राउंडमधून (राज्याची केंद्रीभूत प्रवेश फेरी) पुण्यात वाघोलीच्या बाजूला विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटरला जागा मिळाली. आम्ही चिखलीचे (जि. बुलढाणा), पुण्यात जवळचं कोणी नाही. प्रवर्ग ओबीसी, जात पडताळणी झालेली, नॉन-क्रिमिलेअर आहे, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत. कॉलेजने ट्युशन फी सोडून बाकीची रक्कम भरायला सांगितली आणि "उरलेलं महाडीबीटीवर करा" म्हणाले. म्हणजे नेमकं काय करायचं? दुसरं, हॉस्टेलची यादी अजून लागली नाही, तर कॉट बेसिसवर (खोलीतली एक कॉट भाड्याने) जागा बघावी का? तिसरं, लॅपटॉप आत्ताच घ्यावा का? आणि पहिल्या सेमला मुलं अडकतात ती कशात? माहितगारांनी सविस्तर सांगावं.

खिडकी_नंबर_तीन
फीपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं महिनाभर इकडेतिकडे झालं तरी चालतं, हे चालत नाही.

कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. पण ते आपोआप होत नाही. महाडीबीटीवर (शासनाचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) मुलीने अर्ज करायचा, कॉलेजने तपासायचा, मग विभागाने मंजूर करायचा. अर्ज राहिला तर कॉलेज तुमच्याकडे पूर्ण फी मागणार. आणि माफी फक्त या दोन शुल्कांची. डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, हॉस्टेल, बस हे तुमच्याच खिशातून. कॉलेजने दिलेल्या पावतीवर प्रत्येक रक्कम कोणत्या नावाखाली घेतली ते वाचा. "इतर शुल्क" अशी एकच मोठी ओळ असेल तर तपशील लेखी मागा.

अर्जाला बसण्याआधी आधारचं घर नीट करा. नव्वद टक्के डोकेदुखी तिथलीच असते.

मोबाइल: पोर्टलवर ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर तुमचा असेल तर मुलगी पुण्यात सायबरमध्ये बसलेली आणि तुम्ही शेतात, रेंज नाही, असं होतं. ती निघायच्या आधी चिखलीतच आधार केंद्रावर जाऊन तिचा स्वतःचा नंबर घालून घ्या. पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे आणि डोळे परत घ्यावे लागतात, ते राहिलं असेल तर त्याच फेरीत उरका.

बँक खातं: "आधार लिंक आहे" असं बँकेचा माणूस म्हणेल. त्यावर थांबू नका. केवायसीला आधार दिलेलं असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (शासनाचे पैसे थेट खात्यात येण्यासाठी) खातं एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) मॅप झालेलं असणं वेगळं. शासनाचे पैसे मॅप झालेल्या खात्यातच जातात आणि एका आधारला एका वेळी एकच खातं मॅप असतं. मायआधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" पाहा. तिथे बँकेचं नाव आणि "ॲक्टिव्ह" दिसलं पाहिजे. पुण्यात गेल्यावर कॉलेजच्या आवारातल्या बँकेत नवं खातं उघडताना फॉर्मवर डीबीटीच्या चौकोनात खूण केली की मॅपिंग गुपचूप तिकडे सरकतं. मग पैसे जमा झाले असं पोर्टल दाखवतं आणि जुन्या पासबुकात काहीच नसतं.

आणखी एक. शाळेत असताना उघडलेलं मायनर खातं असेल तर १८ पूर्ण झाल्यावर नवी सही आणि केवायसी द्यावी लागते, नाहीतर व्यवहार अडतात. "स्मॉल अकाउंट" प्रकारातलं असेल तर शिल्लक ५०,००० च्या वर आणि वर्षाची एकूण जमा एक लाखाच्या वर जाऊ शकत नाही. ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

कागद: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. उत्पन्नाच्या दाखल्यावर "३१ मार्च अमुक पर्यंत वैध" असं छापलेलं असतं, ती तारीख आधी पाहा. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक पोर्टलवर टाकावा लागतो, म्हणून झेरॉक्स अशी काढा की तो वाचता येईल. प्रत्येक फाइल २५६ केबीच्या आत बसवा. मोबाइलने काढलेला फोटो तसाच टाकला तर चढत नाही आणि फार दाबला तर कारकुनाला वाचता येत नाही म्हणून परत येतो.

अर्ज भरला की मुलांना वाटतं संपलं. तसं नाही. तो आधी कॉलेजच्या डेस्कवर जातो आणि तिथून त्रुटी असल्यास "सेंड बॅक" होतो. दुरुस्त करून पुन्हा पाठवायला मुदत असते. दर आठवड्याला लॉगिन करून स्टेटस पाहायचं, एसएमएसची वाट पाहायची नाही. सर्वांत जास्त अर्ज परत येतात ते नावामुळे: दहावीला "वैष्णवी", आधारला "वैश्नवी". आडनाव पुढे-मागे असेल तर चालून जातं, स्पेलिंग वेगळं असेल तर आधार दहावीप्रमाणे करून घ्या. आणि हा अर्ज चार वर्षं, दरवर्षी रिन्यू करायचा आहे.

पैनगंगाकाठ
एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. मोबाइल नंबर माझाच आहे, उद्याच जातो. मूळ कागद कॉलेजला द्यायचे का? ते सगळी फाइलच ठेवून घेतो म्हणतात.

खिडकी_नंबर_तीन
शाळा सोडल्याचा दाखला मूळ द्यावा लागतो, तो कॉलेजात राहतो. त्याचे रंगीत स्कॅन आणि पाच-सहा साक्षांकित प्रती आधीच काढा. गुणपत्रिका, जात, पडताळणी हे मूळ कागद तपासून परत करायचे असतात. यूजीसीचे तसे स्पष्ट निर्देश आहेत. "पडताळणीसाठी सादर केले, परत मिळावेत" असा एका ओळीचा अर्ज देऊन पोच घ्या, बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं.

याच आठवड्यात दोन ऑनलाइन कामं: ॲण्टी-रॅगिंगचं हमीपत्र (विद्यार्थी आणि पालक दोघांचं, शेवटी नोंदणी क्रमांक मिळतो तो कॉलेजला द्यायचा) आणि डिजिलॉकरवरून एबीसी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी, ज्यात पुढे क्रेडिट जमा होतात. रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू असते. मुलीच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

नगररोडवाला
राहण्याचं मी सांगतो.

पहिल्या वर्षाला कॉलेजचं हॉस्टेल मिळत असेल तर जेवण वाईट असलं तरी घ्या. वाघोलीची अडचण अशी की नगर रोड सकाळ-संध्याकाळ तुंबलेला असतो. मेट्रो वनाजकडून रामवाडीपर्यंत येते, पुढे बस. म्हणजे विमाननगर किंवा येरवड्याला "छान जागा" मिळाली तरी रोजचा वेळ रस्त्यात जाणार. जागा कॉलेजपासून चालत जाता येईल अशीच बघा. तुमच्याकडून येणाऱ्या ट्रॅव्हल्स जालना, संभाजीनगर, अहिल्यानगर करत नगर रोडनेच शिरतात, त्यामुळे वाघोलीला थेट उतरता येतं, शिवाजीनगरला जायचं कारणच नाही.

कॉट बेसिस घेताना भाडं सगळे विचारतात. हे विचारा: लाइट बिल भाड्यात की सबमीटरवर, आणि सबमीटर असेल तर युनिटचा दर काय? पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं, आणि उन्हाळ्यात किती वेळ येतं? त्या भागात टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या भरपूर आहेत. एका खोलीत कॉट किती आणि नंतर वाढवणार का? सोडताना नोटीस किती दिवसांची, आणि डिपॉझिटमधून रंगकामाचे कापतात का? गेट रात्री किती वाजता बंद होतं? बघायला दुपारी जाऊ नका, संध्याकाळी सातनंतर जा. तेव्हा गल्लीत दिवे आहेत का, खाली कोण बसलेलं असतं, नळाला पाणी आहे का, सगळं दिसतं. आत राहणाऱ्या एखाद्या मुलीशी मालकिणीच्या गैरहजेरीत दोन मिनिटं बोलून घ्या.

फ्लॅट चौघींनी मिळून घेतला तर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्या. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. करारावर चौघींचीही नावं हवीत, एकीच्याच नावावर घेतला तर बाकीच्यांच्या डिपॉझिटचा पुरावा राहत नाही. कॉट बेसिसवाले करार करत नाहीत. तिथे निदान डिपॉझिट ऑनलाइन द्या आणि पावती घ्या.

मेस: पहिल्या महिन्यात पूर्ण पैसे भरू नका, आठ दिवस कूपनवर जेवून बघा. खाड्याचा (न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा) नियम आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी सलग तीन-चार दिवसांच्या आत खाडा धरत नाहीत आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं. रविवारी रात्री मेस बंद असते, त्या जेवणाचा खर्च वेगळा धरा.

ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनाही पाहून ठेवा. ज्या ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलांना शासकीय वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी आहे, पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये. जागा मोजक्या आणि निवड गुणांवर, म्हणून खात्री धरू नका, पण इतर मागास बहुजन कल्याणच्या पुणे कार्यालयात चौकशी करा.

अर्धा_ड्राफ्टर
अभ्यासाचं. पहिल्या सेमला दोनच गोष्टींत मुलं अडकतात: मॅथ्स आणि हजेरी.

मॅथ्समध्ये मॅट्रायसेस आणि पार्शल डिफरन्सिएशन येतं. अवघड नसतं, पण बारावीचे डेरिव्हेटिव्हचे नियम हातात नसतील तर प्रत्येक गणित दुसऱ्या ओळीला अडतं. सीईटीत पर्याय बघून उत्तर काढायची सवय लागलेली असते. इथे पायऱ्यांना मार्क आहेत. कॉलेज सुरू व्हायच्या आधी चेन रूल, लॉग, ट्रिगचे फॉर्म्युले आणि डिटर्मिनंट एवढं पुन्हा हाताने लिहून करायला सांगा. मॅट्रिक्सच्या रँकमध्ये चुका समजेत होत नाहीत, चिन्हात होतात. म्हणून प्रत्येक रो ऑपरेशन बाजूला लिहायचं.

पुणे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं तर पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले लागतात. एटीकेटीवर (काही विषय राहिले तरी पुढे जाण्याची सवलत) दुसऱ्या वर्षात जाता येतं म्हणून मुलं एम-वन (पहिल्या सेमचं मॅथ्स) मागे ठेवतात आणि मग दुसऱ्या वर्षाच्या विषयांबरोबर तो घेऊन बसतात. इयर डाऊन होणारे बरेचसे इथेच अडकतात. निकालात एक-दोन मार्कांनी गेलं तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी, मग रिव्हॅल्युएशन. दोन्हीला थोडेच दिवस मिळतात, म्हणून निकालाच्या दिवशीच अर्ज करायचा.

हजेरी ७५ टक्के. दिवाळीला, गणपतीला आठ-आठ दिवस आधी घरी येण्याची सवय लावू नका. प्रॅक्टिकलची बॅच आठवड्यातून एकदाच असते, तो एक दिवस बुडाला की त्या विषयाची आठवड्याची पूर्ण हजेरी गेली आणि एक प्रयोगही राहिला. जर्नल त्याच आठवड्यात लिहून सही घ्यायची. सेमच्या शेवटी सबमिशनच्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेर रांगा लागतात आणि टर्मवर्कचे मार्क त्याच सरांच्या हातात असतात.

सामान: ग्राफिक्सचा विषय कागदावर असेल तर मिनी ड्राफ्टर (बोर्डाला लावून समांतर रेघा मारायचं साधन) सिनिअरकडून जुना घ्या, पण तपासून. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात क्लॅम्प करून डावीकडे एक आडवी रेघ मारा, पट्टी उजव्या खालच्या कोपऱ्यात नेऊन दुसरी मारा. दोन्ही समांतर नसतील तर सांधे ढिले झालेत, फुकटही घेऊ नका. पेन्सिली: बांधणीच्या रेघांना २एच, ठळक आकृतीला एच, अक्षरांना एचबी. इथे फर्स्ट अँगल पद्धत चालते: फ्रंट व्ह्यू वर, टॉप व्ह्यू खाली आणि डावीकडून पाहिलेला साइड व्ह्यू उजवीकडे. यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ थर्ड अँगलचे असतात, ते बघून शीट काढली की सगळे व्ह्यू उलटे पडतात. कॅल्क्युलेटर नॉन-प्रोग्रॅमेबल. वर्कशॉपला ॲप्रन आणि बंद चामडी बूट; सँडलवर आत घेत नाहीत आणि हजेरीही लागत नाही.

लॅपटॉप दिवाळीनंतर घ्या. पहिल्या सेमचे प्रोग्राम लॅबच्या मशिनवर होतात.

सेमिकोलन;
लॅपटॉपबद्दल असहमत. कॉम्प्युटरची मुलगी आहे, लॅबमध्ये आठवड्याला दोन तास मिळतात आणि तेवढ्यात प्रोग्रामिंग येत नाही. रोज अर्धा तास स्वतः टाइप करून एरर काढल्याशिवाय हात बसत नाही. फक्त महागडा गेमिंग लॅपटॉप नको. १६ जीबी रॅम (किंवा ८ आणि एक रिकामा स्लॉट, काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर असते, ती वाढत नाही), ५१२ जीबी एसएसडी, वजन दीड किलोच्या आसपास. सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे ना ते पाहा. बिल मुलीच्या नावावर घ्या.

अर्धा_ड्राफ्टर
बजेट असेल तर हरकत नाही. पण कर्ज काढून ऑगस्टमध्येच घ्यायची घाई नको, एवढंच म्हणणं आहे.

धुळे_एक्स्प्रेस
मध्येच विचारतो. मुलगा आहे, ओपन, कॅपनेच मिळालं, उत्पन्न सहा लाख. आम्हाला काही?

खिडकी_नंबर_तीन
राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. ट्युशन फी आणि परीक्षा शुल्काच्या ५० टक्के, उत्पन्न मर्यादा ८ लाख, कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ, त्याचं वडिलांचं हमीपत्र लागतं. पोर्टल तेच, आधार आणि बँकेचं वर लिहिलेलं सगळं तसंच लागू. मॅनेजमेंट कोट्याला हे मिळत नाही. हॉस्टेल किंवा खोलीवर राहत असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज वेगळा भरा, एकात दुसरा आपोआप येत नाही.

पैनगंगाकाठ
सीडिंग स्टेटस आत्ताच पाहिलं. बँक दिसते, पण "इनॲक्टिव्ह" आहे.

खिडकी_नंबर_तीन
मग पासबुक, आधार आणि मुलगी, तिघांना घेऊन त्या शाखेत जा. "एनपीसीआय मॅपिंगचा संमतीचा फॉर्म" असंच म्हणा, नुसतं "आधार लिंक करा" म्हणालात तर पुन्हा केवायसी करून परत पाठवतील. भरलेल्या फॉर्मची पोच शिक्क्यासह घ्या. चार-पाच कामाच्या दिवसांनी पुन्हा स्टेटस पाहा आणि ॲक्टिव्ह दिसल्यावरच महाडीबीटीचा अर्ज सबमिट करा. प्रोफाइल भरून ठेवायला तोवर हरकत नाही.