विषय: ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं (अप्पांची गाडी, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आपल्यात कोल्हापूरचे आणि मशीनशॉपमधले बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारते. सध्या माहेरी, राजारामपुरीत आले आहे. अप्पांची छोटी पेट्रोल गाडी अख्खा पावसाळा दारात उभी होती. आता हायवेवर, शिरोलीच्या पुढे, 80च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि पेडलही पायाखाली धडधडतं. ब्रेक न लावता काहीच त्रास नाही. एका वर्कशॉपवाल्यांनी चाक न काढताच सांगितलं, "डिस्क वाकल्यात, दोन्ही बदला." अप्पा म्हणतात, नवीन कशाला, उद्यमनगरात लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) फिरवून घेऊ. पुढच्या आठवड्यात आई-अप्पांना घेऊन आंबा घाटातून गणपतीपुळ्याला जायचं आहे. कुणाचं ऐकू?

— राजारामपुरीची लेक, एरवी डब्लिन

*

विषय: उत्तर: ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं

ताई, नमस्कार.

इतक्यात कुणाचंच ऐकू नका. आधी मोजून घ्या. माझं निम्मं आयुष्य उद्यमनगरात लेथपुढं गेलंय, त्यामुळं अप्पांचा लेथवरचा विश्वास मला कळतो. पण या दुखण्यात लेथ शेवटी येतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून दोष पुढच्या चाकांत दिसतोय. स्टिअरिंग हलतं तेव्हा बहुतेक वेळा पुढचे ब्रेक, आणि सीट किंवा बूड हललं तर मागचे. ब्रेक न लावताही 90ला थरथर असती, तर मी व्हील बॅलन्सिंग करून घ्या म्हटलं असतं. 80च्या वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण 12 फेरे घेतं. गाडी हळू होईल तशी थरथरही संथ होत गेली, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे असं समजा.

आता डिस्क "वाकली" म्हणतात त्याबद्दल. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, ती बिडाची असते. तापून ती वेडीवाकडी होणं फार क्वचित घडतं. खरा प्रकार असा: डिस्क आणि हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा अडकतो. तिथं केसाएवढी फट पडली तरी डिस्कची बाहेरची कडा डुलायला लागते. मग ब्रेक लावलेला नसतानाही दर फेऱ्याला तीच जागा पॅडला (डिस्क दोन्हीकडून दाबणाऱ्या ब्रेकच्या गुटक्याला) घासते, हजारो किलोमीटरमध्ये तेवढीच झिजते आणि जाडी कमी-जास्त होते. पॅड दाबले की ही जाडी-बारीकी पेडलला आणि स्टिअरिंगला जाणवते. 0.02 मिमीचा फरकसुद्धा पुरतो. म्हणूनच कित्येकांच्या गाडीत नव्या डिस्क टाकल्या की काही महिने आराम पडतो आणि मग पुन्हा तेच सुरू होतं. हब कुणी साफ केलेलाच नसतो. लेथचंही तसंच. तिथं डिस्क लेथच्या चकवर सरळ फिरते, गाडीवर मात्र पुन्हा त्याच गंजक्या हबवर बसते.

तुमच्या गाडीत आणखी एक शक्यता आहे. पावसाळाभर ओल्या हवेत उभी राहिल्यानं पॅडखालची जागा आणि उघडी जागा वेगवेगळी गंजते. वरचा गंज चार वेळा ब्रेक मारले की जातो. पॅडच्या आकाराचा काळा ठसा राहिला असेल, तर तो जात नाही.

मिस्त्रींना समोर उभं राहून एवढं करायला सांगा. चाक आणि डिस्क काढून हबची डिस्क टेकते ती बाजू तारेच्या ब्रशनं चकचकीत करायची, डिस्कच्या आतली बाजूही. डिस्क परत लावून नट वॉशरसह आवळायचे आणि डायल गेज (डुलणं मोजणारं घड्याळासारखं माप) लावून हातानं फिरवायची. कडेजवळ डुलणं 0.05 मिमीच्या आत आलं तर उत्तम. जास्त आलं तर डिस्क हबवर एक भोक पुढं सरकवून पुन्हा मोजायचं. तेवढ्यानंही बराच फरक पडतो. मग मायक्रोमीटरनं सात-आठ ठिकाणी जाडी घ्यायची. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. त्याच्या खाली गेली असेल तर बदला, तिथं काटकसर नको. कॅलिपरच्या (पॅड धरून दाबणाऱ्या भागाच्या) पिना हातानं मागेपुढे सरकायला हव्यात. अडकल्या असतील तर साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं.

शेवटी चाकाचे नट. एअर गननं एकामागोमाग एक करकचून आवळू देऊ नका. समोरासमोरचे घेत टॉर्क पान्यानं आवळायचे, आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. असमान आवळलेल्या नटानंही डिस्क तिरकी बसते.

डायल गेज कुठून आणायचं म्हणाल, तर उद्यमनगरात जवळपास प्रत्येक शॉपमध्ये असतं. अप्पांना म्हणावं, तिथं जायचंच आहे, फक्त लेथऐवजी गेज मागा.

— मंगळवार पेठेचा, सध्या डेट्रॉईटजवळ

*

ताई, एक पुरवणी. घाट उतरायचा असेल तर ब्रेक ऑइल किती जुनं आहे ते पाहा. ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग कमी तापमानाला उकळतं. डॉट 4 नवं असताना निदान 230 अंशाला उकळावं लागतं, ओलं झालं की ही किमान मर्यादा 155वर येते. दोन वर्षांवर गेलं असेल तर बदला. आणि साखरप्याकडं उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा.

— रत्नागिरीकर, लंडन

*

दादा, रत्नागिरीकर काका, मनापासून आभार.

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी आमच्यासमोर सगळं केलं. डाव्या हबवर गंजाची पुरी साल होती. साफ करण्याआधी गेजवर 0.12, नंतर 0.04. त्याच बाजूची खालची पिन जाम होती, त्यामुळे आतलं पॅड निम्म्याहून जास्त झिजलेलं. डिस्कची जाडी ठीक निघाली, म्हणून त्या ठेवल्या. पुढचे पॅड दोन्ही बाजूंचे नवे घातले, ऑइल बदललं. पुण्याच्या रस्त्यावर 80वरून ब्रेक लावून पाहिला, स्टिअरिंग स्थिर आहे.

अप्पा विचारतात, मी गेल्यावर गाडी पुन्हा उभीच राहणार, तर काय करायचं?

*

ताई, आठवड्यातून एकदा कागलपर्यंत नेऊन आणायला सांगा, वाटेत रस्ता मोकळा बघून चांगले ब्रेक लावत. गाडी धुतली की लगेच उभी करायची नाही, एक चक्कर मारून डिस्क वाळवायच्या. आणि जास्त दिवस ठेवताना हँडब्रेक ओढू नये, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली वीट लावावी. म्हणजे मागचे ड्रम ब्रेक चिकटत नाहीत.